गर्भवतीला अपघात झाला तर...

चित्रपटातला तो प्रसंग सर्वांच्याच परिचयाचा आहे. ऑपरेशन थिएटरवरचा लाल दिवा विझतो, डॉक्टर कपाळावरचा घाम पुसत बाहेर येतात आणि हवालदिल झालेल्या नातेवाइकांना विचारतात, ‘आईला वाचवू की बाळाला?’ प्रेक्षकांचा श्वास रोखला जातो. परंतु अपघातात जखमी झालेल्या गर्भवतीच्या बाबतीत हा प्रश्न जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो.

पोटातल्या बाळाला प्राणवायू मिळतो तो आईच्या श्वासातून आणि त्याच्यापर्यंत पोचतो तो आईच्या रक्तावाटे. आईचा श्वास अडला, तिचे रक्त वाहून गेले, की बाळाचा आधारच तुटतो. आई सावरली, तर बाळ सावरण्याची शक्यता सर्वांत जास्त. म्हणूनच अपघातविभागातील डॉक्टरांचा क्रम ठरलेला असतो : आधी आई, मग बाळ. यात बाळावर अन्याय होत नाही. बाळाला वाचवण्याचा तोच सर्वांत खात्रीचा मार्ग असतो.

कुटुंबातल्या माणसांकडून मात्र अशा वेळी दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे, बाळाला अपाय होईल या भीतीने आईच्या तपासण्या आणि औषधे अडवली जातात. ‘तिला दिवस आहेत, एक्स-रे नको, इंजेक्शन नको’ असा आग्रह धरला जातो. दुसरी चूक याच्या अगदी उलट. ती बोलते आहे, चालते आहे, रक्तही कुठे दिसत नाही, मग दवाखान्यात कशाला, असे म्हणून हळद घातलेले दूध देऊन तिला झोपवले जाते. या दोन्ही चुका जिवावर बेतू शकतात.

दिसायला ठीक, पण आतून?

गरोदरपणात स्त्रीचे शरीर बाळंतपणाच्या वेळच्या रक्तस्रावासाठी आधीपासूनच तयारी करत असते. शेवटच्या महिन्यांपर्यंत तिच्या अंगातील रक्ताचे प्रमाण 40 ते 50 टक्क्यांनी वाढलेले असते. नाडीचे ठोकेही मिनिटाला 10 ते 15 ने जास्त पडतात.

ही निसर्गाची देणगी अपघाताच्या वेळी मात्र फसवी ठरते. साधारणपणे एक-सव्वा लिटर रक्त आतल्या आत वाहून गेले, तरी तिचा रक्तदाब फारसा उतरलेला दिसत नाही. ती शुद्धीवर असते, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देते, ‘मला काही झालेले नाही’ असेही सांगते. त्याच वेळी तिचे शरीर मेंदू आणि हृदय यांचा रक्तपुरवठा टिकवण्यासाठी गर्भाशयाकडे जाणारे रक्त कमी करत असते. म्हणजे आईच्या चेहऱ्यावर संकट दिसण्याआधी ते बाळाच्या ठोक्यांत दिसते. ते ठोके घरात बसून ऐकता येत नाहीत. त्यासाठी रुग्णालयातच जावे लागते.

म्हणून गर्भवती पडली, तिला वाहनाचा धक्का बसला किंवा पोटावर मार लागला, तर बाहेरून जखम दिसो वा न दिसो, तिची तपासणी झालीच पाहिजे. पाचवा महिना उलटला असेल तर या नियमाला अपवाद करू नये.

वार सुटण्याचा धोका

बाळाला आईच्या रक्तातून पोषण आणि प्राणवायू पोचवणारा भाग म्हणजे वार. ती गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असते. गर्भाशयाची भिंत लवचीक असते, वार तितकी लवचीक नसते. जोराचा हिसका बसला की भिंत ताणली जाते, पण वार तिच्याबरोबर ताणली जात नाही आणि दोन्हींमधला सांधा उसवतो. वार जितकी सुटेल तितका बाळाचा प्राणवायू कमी होतो आणि आईच्या पोटात रक्त साचू लागते.

गंभीर अपघातांत हा धोका मोठा असतोच. पण किरकोळ वाटणाऱ्या अपघातांनंतरही शंभरातल्या एक ते पाच स्त्रियांमध्ये वार सुटल्याचे आढळते. त्यासाठी पोटावरच मार बसायला हवा असे नाही. गाडीला अचानक ब्रेक लागून अंगाला बसलेला झटकाही पुरेसा होतो. बरे, दर वेळी अंगावरून रक्त जातेच असेही नाही. ते वार आणि भिंत यांच्यामध्येच अडकून राहू शकते. अशा वेळी पोट दगडासारखे घट्ट होते, सतत दुखते, हात लावू देत नाही.

अपघातानंतर पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर क्षणाचाही विलंब लावू नये :

• अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे
• पोट घट्ट होणे, सतत दुखणे किंवा थांबून-थांबून कळा येणे
• बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे
• चक्कर, घेरी, दरदरून घाम, धाप लागणे
• डोक्याला मार लागून उलटी होणे, गुंगी येणे
• खांद्यात किंवा छातीत दुखणे, लघवीतून रक्त जाणे

पहिल्या काही मिनिटांत काय करावे?

रुग्णवाहिका येईपर्यंत जवळ असलेल्या माणसांच्या हातात बरेच काही असते. बहुतेक राज्यांत 108 आणि देशभर 112 या क्रमांकावर मदत मिळते. महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 सालापासून सुरू आहे. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगावे की जखमी स्त्री गरोदर आहे आणि कितवा महिना आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अगदी सोपी आहे : तिला उताणी झोपवून ठेवू नये. पाचव्या महिन्यानंतर गर्भाशय इतके जड होते की उताण्या अवस्थेत ते पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या रक्तवाहिनीवर दाब देते. पायांकडून हृदयाकडे परतणारे रक्त अडते, रक्तदाब उतरतो आणि बाळाचा पुरवठाही घटतो. म्हणून तिला डाव्या कुशीवर वळवावे. वाहनाचा अपघात असेल किंवा ती उंचावरून पडली असेल, तर मान किंवा कणा दुखावलेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी अंग पिळू न देता, डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, उजव्या अंगाखाली घडी केलेले घोंगडे किंवा चादर सारावी आणि सगळे शरीर थोडे डावीकडे कलते करावे. तेही जमण्यासारखे नसेल, तर एकाने दोन्ही हातांनी पोट हलकेच डावीकडे सरकवून धरावे.

वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून घट्ट दाबून धरावी. अंगात काही घुसले असेल तर ते उपसू नये. अंगावर पांघरूण घालावे. श्वास आणि नाडी थांबली असेल तर इतर कोणालाही करतात तसाच छातीच्या मध्यभागी जोराने आणि वेगाने दाब देत राहावे. गरोदर आहे म्हणून हात आखडता घेऊ नये. त्याच वेळी दुसऱ्याने पोट डावीकडे सरकवून धरावे.

आता काय करू नये ते पाहू. तिला चहा, पाणी, दूध काहीही देऊ नये. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागली, तर पोटातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका गर्भवतीला अधिक असतो. पोटाला तेल लावून चोळू नये, शेकू नये. हातपाय मुरगळला म्हणून घरातली अंगदुखीची गोळी देऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे पाचव्या महिन्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात. वेदना कमी करण्यासाठी गरोदरपणात चालणारी औषधे डॉक्टरांकडे असतात.

कोणत्या रुग्णालयात न्यावे?

अशा प्रसंगी बहुतेक नातेवाईक, बाळंतपणासाठी जिथे नाव घातले आहे, त्याच प्रसूतिगृहाकडे धाव घेतात. किरकोळ इजा असेल तर ते ठीक आहे. पण मार मोठा असेल, तर जिथे शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ हे सगळे चोवीस तास उपलब्ध असतात, तिथेच तिला न्यायला हवे. जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय थोडे लांब असले, तरी गंभीर जखमी गर्भवतीसाठी बहुधा तेच योग्य ठरते. वाटेत श्वास किंवा रक्तस्राव आवरत नसेल, तर जवळच्या दवाखान्यात तेवढा तातडीचा उपचार करून पुढे निघावे.

उलट बाजूची चूकही लक्षात घ्यावी. मनगट मोडले म्हणून गर्भवतीला हाडांच्या डॉक्टरांकडे नेले, प्लॅस्टर घातले आणि सगळे घरी परतले, असे घडू देऊ नये. हाडाबरोबर बाळाचीही तपासणी झाली का, हे विचारावे.

आणखी एक गोष्ट. पहिले तीन महिने दिवस गेल्याचे कुणाला सांगायचे नाही, अशी आपल्याकडे अनेक घरांत पद्धत असते. शेजारी-पाजाऱ्यांना सांगू नये, पण अपघातानंतर तपासणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच मिनिटाला सांगावे. पाळी चुकली आहे पण अजून खात्री झालेली नाही, हेसुद्धा सांगावे.

डॉक्टर काय करतात आणि का?

रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टर लगेच पोटाकडे न वळता आधी तिचा श्वासमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण पाहतात. ‘बाळाचे आधी बघा’ असा नातेवाइकांचा तगादा चालू असतो, पण हा क्रम मोडायचा नसतो. तिला प्राणवायू दिला जातो. सलाईन आणि रक्त चढवण्यासाठी दोन्ही हातांत जाड सुया घातल्या जातात. पायातून सलाईन देणे टाळतात, कारण गर्भाशयाचा दाब तिथून वर येणाऱ्या रक्तावर असतो. रक्तगट जुळवून पाहण्याइतकाही वेळ नसेल, तर ओ निगेटिव्ह रक्त दिले जाते.

आई थोडी स्थिरावली की बाळाकडे लक्ष दिले जाते. सोनोग्राफीत बाळाचे ठोके, पोटात साचलेले रक्त आणि वारेची जागा दिसते. मात्र सुटलेली वार सोनोग्राफीत दर वेळी दिसतेच असे नाही. ‘सोनोग्राफी नॉर्मल आली, आता घरी सोडा’ असा आग्रह म्हणूनच धरू नये. अधिक भरवशाचे साधन म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आणि गर्भाशयाच्या आकुंचनाचा आलेख काढणारे यंत्र. बाळ बाहेर जगू शकेल इतके वाढलेले असेल, म्हणजे साधारणपणे सहावा महिना होऊन गेला असेल, तर अपघातानंतर निदान 4 तास हे यंत्र लावून ठेवतात. त्या वेळात कळा आल्या, अंगावर गेले, पोट दुखले किंवा ठोके बिघडले, तर हा काळ 24 तासांपर्यंत किंवा त्याहून पुढे वाढवतात. हे चार तास कंटाळवाणे असतात. नातेवाइकांना खर्च दिसतो, घड्याळ दिसते. पण सुटलेली वार वेळेवर ओळखण्याची खरी संधी याच तासांत असते.

आधी आई हे तत्त्व किती खोलवर जाते, हे एका टोकाच्या प्रसंगावरून कळते. गर्भवतीचे हृदय बंद पडले आणि छातीवर दाब देऊनही ते सुरू झाले नाही, तर डॉक्टर तिला शस्त्रक्रियागृहात न हलवता जागच्या जागी पोट उघडून बाळ बाहेर काढतात. 1986 साली अमेरिकेतील डॉ. व्हर्न कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी चार मिनिटांचा नियम सुचवला. हृदय थांबल्यापासून चार मिनिटांत शस्त्रक्रिया सुरू करावी आणि पाचव्या मिनिटाला बाळ बाहेर यावे, असा तो नियम. पूर्वी ही शस्त्रक्रिया केवळ बाळासाठी आहे असे मानले जाई. पुढे लक्षात आले की गर्भाशय रिकामे होताच मोठ्या रक्तवाहिनीवरचा दाब सुटतो आणि काही स्त्रियांचे थांबलेले हृदय पुन्हा सुरू होते. म्हणजे हाही उपाय आईसाठीच आहे.

एक्स-रेची भीती कितपत खरी?

गरोदरपणात विनाकारण एक्स-रे काढू नये, हा सल्ला योग्यच आहे. पण अपघात हे विनाकारण नव्हे. गर्भाला 50 मिलिग्रेपेक्षा कमी किरण मिळाले, तर त्यामुळे जन्मजात व्यंग किंवा गर्भपात होण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळलेले नाही. छातीच्या एका एक्स-रेमधून गर्भापर्यंत पोचणारी मात्रा 0.01 मिलिग्रेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. डोके, मान, हात, पाय यांच्या एक्स-रेतही ती नगण्यच असते. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये ती बरीच जास्त असते, तरीही एका तपासणीत ती बहुधा 50 च्या आतच राहते.

याउलट, फुटलेली प्लीहा किंवा मेंदूतला रक्तस्राव वेळेवर कळला नाही, तर आई आणि बाळ दोघेही हातचे जाऊ शकतात. म्हणून डॉक्टरांनी गरजेचा म्हटलेला एक्स-रे किंवा स्कॅन नाकारू नये. ‘हा आवश्यक आहे का, सोनोग्राफीने भागेल का?’ एवढे जरूर विचारावे. भूल, हाडांची शस्त्रक्रिया आणि धनुर्वाताची लस यांबाबतही हेच खरे. गरज असेल तेव्हा गरोदरपणातही ती देता येतात, करता येतात.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर

आपल्या देशात शंभरातल्या साधारण पाच जणींचा रक्तगट निगेटिव्ह असतो. अशा आईच्या पोटातले बाळ पॉझिटिव्ह असेल आणि अपघाताच्या धक्क्याने बाळाचे थोडेसे रक्त आईच्या रक्तात मिसळले, तर आईच्या शरीरात त्या रक्ताविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होते. या बाळाला कदाचित काही होणार नाही, पण पुढच्या बाळाच्या रक्तपेशी ती नष्ट करू शकते. कावीळ, रक्तक्षय, कधी गर्भातच मृत्यू, इथवर मजल जाते.

उपाय हाताशी आहे. अँटी-डी नावाचे इंजेक्शन शक्यतो 72 तासांच्या आत द्यावे लागते. इजा किरकोळ असली तरीही ते विचारून घ्यावे. एका इंजेक्शनाच्या विसराळूपणामुळे पुढचे मूल गमावण्याची वेळ येऊ नये.

‘बाथरूममध्ये पाय घसरला’

गर्भवतीला होणाऱ्या इजांमध्ये एक प्रकार असा आहे की ज्याचे खरे कारण केसपेपरवर बहुधा येतच नाही. ‘जिन्यावरून पडले’, ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ असे ती खाली मान घालून सांगते आणि शेजारी नवरा किंवा सासू उभी असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, गरोदर राहिलेल्या 18 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 3.1 टक्के स्त्रियांनी गरोदरपणात मारहाण झाल्याचे सांगितले. हा आकडा अर्थातच सांगू शकलेल्यांचा आहे.

घसरून पडणाऱ्या गर्भवती खरोखरच असतात, त्यामुळे प्रत्येकीकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. पण जखमा वेगवेगळ्या वेळच्या असतील, पोटावर, छातीवर किंवा गळ्यावर मार असेल, दवाखान्यात यायला उशीर झाला असेल किंवा तिच्याऐवजी दुसराच कोणी उत्तरे देत असेल, तर डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी तिच्याशी एकटीशी बोलायला हवे. तपासणीच्या वेळी नातेवाइकांना बाहेर बसायला सांगितले, तर त्यांनीही ते मनाला लावून घेऊ नये.

घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा अशा स्त्रीला घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षण देतो, तसेच तिने मागितल्यास रुग्णालयाने तिला उपचार नाकारू नयेत असेही सांगतो. 181 या क्रमांकावर महिलांना मदत मिळते. मुंबईत वांद्रे येथील भाभा रुग्णालयात 2000 साली ‘दिलासा’ हे केंद्र सुरू झाले. मारहाण झालेल्या स्त्रीला उपचाराबरोबरच धीर आणि सल्ला रुग्णालयातच मिळावा, ही त्यामागची कल्पना. शेजारीण, मोलकरीण, मैत्रीण यांपैकी कोणालाही हा विश्वास तिला देता येतो : ‘तू सांग. आम्ही तुझ्याबरोबर आहोत.’

पोलीस, पैसे आणि सही

‘पोलीस केस आहे, आधी तिकडे जा’ असे सांगून जखमीला परत पाठवण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयाला नाही. 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने जखमीला आधी उपचार द्यायचे, कागदपत्रे नंतर. रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्यांनाही आता घाबरण्याचे कारण नाही. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर खटला होऊ शकत नाही आणि त्याला आपले नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही.

2025 साली केंद्र सरकारने लागू केलेल्या योजनेप्रमाणे, मोटार वाहनामुळे रस्त्यावर अपघात झालेल्या व्यक्तीला नेमून दिलेल्या रुग्णालयांत 7 दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. दाखल करतानाच या योजनेची चौकशी करावी.

राहिला सहीचा प्रश्न. स्त्री सज्ञान आणि शुद्धीवर असेल, तर शस्त्रक्रियेला संमती द्यायची ती तिनेच. नवरा गावाहून येईपर्यंत, सासरेबुवांचा फोन लागेपर्यंत थांबण्यात अमूल्य मिनिटे जातात. ती बेशुद्ध असेल आणि जिवाला धोका असेल, तर कुणाच्या सहीसाठी उपचार अडू नयेत.

दोष कुणाचा?

इतके करूनही कधी कधी बाळ हाती लागत नाही. मग घरात कुजबूज सुरू होते : ‘सांगितले होते, स्कूटरवर बसू नकोस.’ ‘नोकरी सोडली असती तर?’ ही वाक्ये त्या आईला जखमेपेक्षा जास्त काळ पुरतात.

पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशय कमरेच्या हाडांच्या आत सुरक्षित असते. त्या काळात एखाद्या साध्या पडण्याने गर्भपात होणे विरळाच. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात आणि त्यात कुणाचीच चूक नसते. पडण्याचा आणि गर्भपाताचा काळ जुळला, म्हणून एकामुळे दुसरे घडले असे होत नाही. पुढच्या महिन्यांतला अपघात हाही अपघातच असतो. अशा वेळी तिला उपदेशाची नव्हे, मायेच्या हाताची गरज असते. रात्री झोप न येणे, गाडीचा आवाज ऐकून दचकणे, सतत रडू येणे असे काही आठवडे चालले, तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखे दुखणे आहे.

थोडी सावधगिरी

पोट वाढते तसा शरीराचा तोल पुढे जातो, सांधे सैल होतात आणि पायाखालची पायरी दिसेनाशी होते. म्हणून सहाव्या-सातव्या महिन्यानंतर सणासुदीची जळमटे काढायला स्टुलावर चढणे, ओल्या फरशीवरून भरलेली बादली नेणे ही कामे घरातल्या इतरांनी करावीत. न्हाणीघरात रबराची चटई अंथरावी. जिन्यावर रात्री दिवा असावा.

शक्यतो दुचाकी टाळावी. टाळता येत नसेल, तर एका बाजूला पाय सोडून न बसता दोन्हीकडे पाय टाकून बसावे. पदर आणि ओढणी चाकात जाणार नाही अशी खोचून घ्यावी. मागे बसणारीनेही हेल्मेट घालावे. कायद्यानेही ते आवश्यक आहे.

मोटारीतला पट्टा पोटावर दाब देईल म्हणून अनेक जणी तो लावतच नाहीत. हा गैरसमज घातक आहे. पट्ट्याचा खालचा भाग पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर घट्ट बसावा. वरचा भाग दोन स्तनांच्या मधून आणि पोटाच्या कडेने जावा. पोटावरून पट्टा कधीही नेऊ नये. गाडी चालवणारीने छाती आणि स्टिअरिंग यांत निदान 25 सेंटिमीटर अंतर ठेवावे.

पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी जाण्याचा प्रवास असो वा रोजची नोकरीची धावपळ, पर्समध्ये एक छोटी चिठ्ठी असावी. तिच्यावर नाव, रक्तगट, प्रसूतीची अंदाजे तारीख, चालू औषधे, कशाची अॅलर्जी असल्यास ती, डॉक्टरांचा आणि घरच्या दोघांचा फोन नंबर, एवढे लिहावे. शुद्ध हरपलेल्या स्त्रीच्या वतीने ती चिठ्ठी बोलते. आणि अपघातानंतर घरी सोडले, तरी पुढचे काही दिवस बाळाची हालचाल रोज लक्ष देऊन पाहावी. ती कमी वाटली तर सकाळची वाट न पाहता, रात्री-अपरात्रीसुद्धा, रुग्णालयाचा रस्ता धरावा. तिथे ‘काही नाही, सगळे ठीक आहे’ असे ऐकून परत यावे लागले, तर ती फेरी वाया गेली असे कुणीही समजू नये.